झाकणाखालची कारागिरी

२०११च्या जूनमध्ये मिरजेहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. तबकड्यांच्या देवघेवीतून आमची ओळख झालेली. मी त्यांना 'सर' म्हणत असे. सर म्हणाले, "अहो, माझ्या तबकड्यांतला तंबोरा बिघडलाय. गायक सुरात आहे आणि तंबोरा हलतोय. असं कसं होईल?"

असे होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाचा कान होता तो. दुसऱ्या दिवशी सांगलीहून गेलो. तबकडी एका पुरुष गायकाची होती, स्वर काळी एक. या पट्टीत खर्जाच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ६९ आणि पंचमाच्या तारेची सुमारे १०४ असतात. आपल्याकडच्या घरगुती विजेची वारंवारता ५०. पूर्ण लहरीचा रेक्टिफायर तिची दुप्पट करतो, म्हणजे १००. वीजपुरवठा नीट गाळला गेला नाही की हा १००चा गुणगुणाट संगीतात उतरतो. १०४ आणि १०० यांच्यात चारचे अंतर. म्हणून पंचमाची तार छेडली की सेकंदाला साधारण चार हेलकावे ऐकू येत होते. चार तारांच्या तंबोऱ्याला यंत्राने आपली पाचवी तार जोडली होती.

हे यंत्र म्हणजे हातबनावटीचा व्हॉल्व्ह प्रीअँप्लिफायर. चौदा महिन्यांपूर्वी सरांनी तो निवृत्तीच्या पैशांतून घेतला होता. शिसवी चौकट, पुढे जाड अ‍ॅल्युमिनियमची पाटी, पितळी बटणे. सोबतच्या पत्रकात 'प्रत्येक टाका हाताने दिलेला' असे वाक्य होते. बनवणाऱ्याचे नाव मी इथे देत नाही, कारण माझे भांडण एका माणसाशी नाही. या लेखात मला त्या वाक्याची झडती घ्यायची आहे. हाताने बनवलेली वस्तू अधिक चांगली आणि अधिक टिकाऊ असते, असे आपण गृहीत धरतो. प्रीअँप्लिफायरच्या बाबतीत ते कितपत खरे आहे?

एवढ्याशा विजेचे काम

आधी या यंत्राचे काम थोडक्यात पाहू. तबकडीवर फिरणाऱ्या सुईतून येणारा विद्युत संकेत साधारण पाच मिलिव्होल्टचा, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. प्रीअँप्लिफायरचा फोनो विभाग त्याला शंभरेक पटींनी वाढवतो. तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. ते परत मूळ पातळीवर आणण्यासाठी अमेरिकेत १९५४ साली 'आरआयएए' नावाचा वक्र ठरला आणि पुढे तो बहुतेक सर्वत्र रूढ झाला. या वक्रानुसार ५० कंपनांच्या आसपासचा आवाज मधल्या स्वरांच्या सातेक पट जास्त वाढवावा लागतो. नेमक्या याच भागात घरच्या विजेचा गुणगुणाट असतो. मूळ संकेताच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे पाच मायक्रोव्होल्टची घाण आत शिरली तरी शांत आलापीत ती कानाला कळते.

म्हणून प्रीअँप्लिफायर हा कारागिराचा कठोर परीक्षक आहे. स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या अँप्लिफायरमध्ये जी ढिलाई खपून जाते, ती इथे ऐकू येते. एक तार कुठून नेली, जमिनीची जोडणी कोणत्या बिंदूला केली, ट्रान्सफॉर्मर कोणत्या कोनात बसवला, या सगळ्याचा हिशेब होतो. बारीक लक्ष देणाऱ्या हाताला इथे खरोखर वाव आहे. हातबनावटीचा आग्रह धरणारे इथवर बरोबर आहेत.

मिरजेच्या पेटीत काय होते

सरांसमोरच झाकण उघडले. आतल्या सगळ्या तारा पांढऱ्या. कोणती तार कुठली हे शेवटपर्यंत बोटाने धरून शोधावे लागे. कपॅसिटर चॅसीला गरम डिंकाने चिकटवलेले. काही घटकांवरचे आकडे पॉलिश पेपरने घासून काढलेले, म्हणजे रचना कुणी उचलू नये. नकाशा कुठेच नाही.

वीजपुरवठ्यात दहा हजार ओहमचा रेझिस्टर होता आणि त्यातून सुमारे बारा मिलिअँपिअर प्रवाह जात होता. हिशेब केला तर त्यात जवळपास दीड वॅटची उष्णता होते. रेझिस्टर होता दोन वॅटचा. कागदावर ते चालते; प्रत्यक्षात असा रेझिस्टर बोट टेकवता येणार नाही इतका तापतो. पहिला गाळणी कपॅसिटर त्याला खेटून बसवलेला होता.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटात द्रव असतो आणि उष्णतेने तो सुकतो. ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. ८५ अंशांना २००० तास असे ज्यावर लिहिलेले असते, तो कपॅसिटर ७५ अंशांना ४००० तास आणि ५५ अंशांना १६००० तास चालावा अशी अपेक्षा असते. रोज तीन तास ऐकणाऱ्याच्या घरी याचा अर्थ साडेतीन वर्षे की साडेचौदा वर्षे, इतका फरक. तो फरक पाडायला कपॅसिटर चार बोटे दूर सरकवणे पुरे असते. सर रोज पाच तास ऐकत. चौदा महिन्यांत दोन हजार तास भरले होते आणि कपॅसिटर सुकला होता.

त्याच्यावर दुसराही अत्याचार होत होता. ट्रान्सफॉर्मरची वेटोळी २५० व्होल्टची, पुढे सिलिकॉन डायोड. यंत्र सुरू करताच डायोड लगेच काम करतात, पण थंड व्हॉल्व्ह अजून प्रवाह ओढत नसतात. त्यामुळे पहिली पंधरा-वीस सेकंद कपॅसिटरवर शिखराचा पूर्ण दाब येतो. २३० व्होल्टच्या विजेवर तो ३५३ व्होल्ट भरतो आणि त्या दिवशी मिरजेत वीज २४२ होती, तेव्हा ३७०च्या वर. कपॅसिटरवर छापले होते ३५०. जुन्या यंत्रांत रेक्टिफायरही व्हॉल्व्हचाच असे. ईझेड८१सारखा व्हॉल्व्ह स्वतःच हळूहळू तापतो, त्यामुळे दाब इतर व्हॉल्व्हच्या बरोबरीने चढतो. रेक्टिफायर बदलला, पण त्याच्याबरोबर काय बदलते याचा विचार झाला नव्हता.

यात टाक्यांचा दोष नव्हता. टाके देखणे होते. हात कसलेला होता आणि तरीही वस्तू कच्ची होती.

'हातबनावट' या शब्दाची झडती

इंग्लंडमधील लाकूडकामाचे कारागीर आणि प्राध्यापक डेव्हिड पाय यांचे कारागिरीच्या स्वरूपावरचे पुस्तक १९६८ साली आले. त्यांनी 'हाताचे की यंत्राचे' हा वाद बाजूला ठेवून दुसरी विभागणी मांडली. एक जोखमीची कारागिरी. तिच्यात काम चालू असताना क्षणोक्षणी ते बिघडण्याचा धोका असतो आणि निकाल कारागिराच्या लक्षावर अवलंबून असतो. दुसरी खात्रीची कारागिरी; तिच्यात निकाल आधीच साच्याने किंवा यंत्राने ठरलेला असतो. पाय यांना दोन्हींबद्दल आदर होता. कोणती कुठे वापरावी, हा खरा प्रश्न.

टाक्यांना ही कसोटी लावून पाहू. एका हातजोडणीच्या प्रीअँप्लिफायरमध्ये २५० टाके आहेत असे धरा. कारागीर इतका सराईत की हजारात एकच टाका कच्चा राहतो. तरीही गणित असे सांगते, की अशा शंभर यंत्रांपैकी सुमारे बावीस यंत्रांत निदान एक कच्चा टाका असेल. प्रमाण दहा हजारात एकवर आणले, तर ही संख्या शंभरात अडीचवर येते. या दोहोंमधला फरक कसबाने भरून निघत नाही. त्यासाठी तपासणी लागते: दुसऱ्या माणसाचे डोळे, यंत्र हलवून, तापवून, थंड करून घेतलेली चाचणी आणि तिची लेखी नोंद.

टाका कच्चा का राहतो, हेही सांगायला हवे. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसे असलेले आपले नेहमीचे सोल्डर १८३ अंशांखाली घट्ट होते, पण त्याच्या वरचे काही अंश ते ना पातळ ना घट्ट अशा अवस्थेत असते. तेवढ्यात तार हलली की टाका वरून ठीक दिसतो आणि आतून तडकलेला असतो. म्हणून जुनी शिस्त अशी, की तार आधी खुंटीभोवती निदान अर्धा वेढा घालून घट्ट बसवावी आणि मग सोल्डर द्यावे. पकड वेढ्याची, सोल्डर फक्त जोड मिटवणारे. सोल्डर काढले तरी तार जागेवर राहिली पाहिजे, असे मला सांगलीच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वयाच्या सोळाव्या वर्षी शिकवले गेले. माझे तांत्रिक शिक्षण तेवढेच. पुढचे सगळे पुस्तके आणि बिघडलेली यंत्रे यांच्याकडून.

तीन जुनी उदाहरणे

हातजोडणीचा गौरव करताना ज्या वस्तूचे नाव नेहमी घेतले जाते, ती म्हणजे मॅरांट्झ कंपनीचा 'मॉडेल ७'. सॉल मॅरांट्झ यांच्या न्यू यॉर्कमधील छोट्या कंपनीने तो १९५८ साली आणला. मंडलाची रचना सिडनी स्मिथ यांची. सहा १२एएक्स७ व्हॉल्व्ह, म्हणजे युरोपी नावाने ईसीसी८३. घटक ओळीने खुंट्यांवर बसवलेले. आत पाहिले की संकेत कुठून येतो आणि कुठे जातो हे नकाशाशिवायही वाचता येते. मला यातले सगळ्यात मोलाचे वाटते ते हे वाचता येणे.

पण तो अमर नाही. त्यातले सेलेनियम रेक्टिफायर वयानुसार थकतात, त्यांच्यातच दाब अडतो, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरला कमी दाब मिळतो आणि आवाज मंदावतो. हौशी माणूस सेलेनियम काढून सिलिकॉन डायोड लावतो आणि उलटा अपघात होतो. अडणारा दाब अडत नाही आणि हीटर भाजतात. योग्य रेझिस्टर जोडला तरच हा बदल सुखाचा. त्या काळच्या कागदी कपॅसिटरनाही दमट हवा मानवत नाही. दोनशे व्होल्टखाली असलेल्या कपॅसिटरमधून एक मायक्रोअँपिअर जरी गळला, तरी पुढच्या व्हॉल्व्हच्या दहा लाख ओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर एक व्होल्ट उभा राहतो. त्या व्हॉल्व्हचा बायसच मुळात एक-दीड व्होल्ट. तो जवळपास पुसला जातो. पावसाळ्यात कोकणातल्या घरी हे व्हायला फार वर्षे लागत नाहीत.

टिकून राहिलेली यंत्रेच आपल्यापर्यंत येतात, हेही विसरू नये. भंगारात गेलेल्या मॉडेल ७ची गणती कुणी केलेली नाही. त्यामुळे 'जुने ते टिकाऊ' हा निष्कर्ष अर्ध्या पुराव्यावर काढलेला असतो.

दुसरे उदाहरण डायनाको कंपनीचे. फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हॅफ्लर यांनी १९६०च्या सुमारास 'पास' मालिकेचे प्रीअँप्लिफायर सुट्या भागांच्या संचातही विकले. ग्राहकाने घरी टेबलावर बसून जोडायचे. पण संकेताचा नाजूक भाग छापील बोर्डांवर कारखान्यातून जोडूनच येई. नवख्याच्या हाती उरत ती बाहेरची जोडणी. पाय यांच्या भाषेत सांगायचे, तर हॅफ्लर यांनी जोखमीची आणि खात्रीची कारागिरी विचारपूर्वक वाटून दिली. मॉडेल ७च्या शेजारी ठेवला तर 'पास' साधा, स्वस्त, काहीसा गरीब दिसतो. पण ज्यांनी आयुष्यात कधी सोल्डर हातात धरले नव्हते, अशा असंख्य लोकांनी तो चालता केला. छापील बोर्डाचे दोषही त्यात दिसतात. व्हॉल्व्ह काढ-घाल करताना बोर्डावरच्या सॉकेटला ताण बसतो आणि उष्णतेने तांब्याची पट्टी सुटते. म्हणून माझे मत असे, की सॉकेट चॅसीवर असावे, लहान घटक हवे तर बोर्डावर. हे मत दोन्ही पंथांना आवडत नाही.

तिसरे उदाहरण संगीताच्या बाहेरचे आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचे १९५० आणि ६०च्या दशकांतले ऑसिलोस्कोप उघडा. चिनी मातीच्या पट्ट्या, त्यांना चांदीचा लेप दिलेल्या खाचा आणि त्या खाचांत ओळीने बसवलेले घटक. ही जोडणी हातानेच होई आणि जोडणीच्या ओळींवर बहुसंख्य स्त्रिया असत. साधे सोल्डर वापरले तर ते चांदीचा लेप विरघळवून खाते. म्हणून थोडी चांदी मिसळलेले सोल्डर लागते. पुढे कधीतरी दुरुस्ती करणाऱ्याकडे ते नसेल, हे ओळखून कंपनी यंत्राच्या आतच अशा सोल्डरचे एक छोटे रीळ बसवून देई.

हे रीळ मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा बराच वेळ हातातले काम थांबवून बसलो होतो. ज्याने ते तिथे ठेवले, त्याने मान्य केले होते की हे यंत्र कधीतरी बिघडेल आणि ते उघडणारा माणूस परका, दूरचा, कदाचित गरीब असेल. आपल्यानंतर येणाऱ्या हातासाठी त्याने सोय करून ठेवली होती. सरांच्या पेटीत आकडे घासून काढणाऱ्या हाताने याच्या नेमके उलटे केले होते.

एकांड्या उस्तादाची गोष्ट

आजच्या जाहिरातींत हातबनावटीचा कारागीर एकटा असतो. दिव्याच्या पिवळ्या उजेडात वाकलेला, केस पांढरे. इतिहास वेगळे सांगतो. ज्या वस्तूंमुळे हातजोडणीला प्रतिष्ठा मिळाली, त्यांतल्या कितीतरी कारखान्यातल्या रांगेत, पगारी कामगारांनी, लेखी सूचना आणि तपासणीच्या शिस्तीत बनवल्या. कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या गिटार अँप्लिफायरमध्ये कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यावर जोडणाऱ्या बाईचे नुसते पहिले नाव लिहिलेले सापडते. ती सही मिरवण्यासाठी नव्हती. चूक निघाली तर कोणाकडे जायचे, हे कळण्यासाठी ती खूण होती.

एकट्या माणसाला ही शिस्त जमत नाही असे नाही. पण त्याला ती स्वतःवर लादून घ्यावी लागते. स्वतःचे काम स्वतः तपासताना डोळा डोळ्याला फसवतो. हे मी स्वतःच्या उदाहरणावरून सांगू शकतो.

२००३ साली मी एका परिचितासाठी प्रीअँप्लिफायर बनवला. शेवटचा टप्पा कॅथोड फॉलोअर प्रकारचा होता. त्यात कॅथोड सुमारे १७० व्होल्टवर असे. हीटर मी जमिनीला जोडला. ईसीसी८३मध्ये हीटर आणि कॅथोड यांच्यात जास्तीत जास्त १८० व्होल्ट असावेत असे मुलार्डच्या माहितीपत्रकात लिहिलेले. सतरा दहा म्हणजे एकशेसत्तर, १८०पेक्षा कमी, झाले समाधान. वीज वाढली की १७०चे १८० होतात, हे मी हिशेबात धरले नाही. सहा महिन्यांत चरचर सुरू झाली. दोन व्हॉल्व्ह गेले, त्यांतला एक बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा जुना, आता न मिळणारा. या कंपनीने १९६१पासून असे व्हॉल्व्ह बनवले आणि पुढे ते बंद झाले. उपाय सोपा होता: हीटरचा मंडल जमिनीऐवजी साठ-सत्तर व्होल्टवर टांगायचा, म्हणजे फरक आपोआप कमी होतो. तो माहीत असूनही मी केला नव्हता, कारण टेबलावर, झाकण उघडे ठेवून, तासभर ऐकताना सगळे उत्तम वाजत होते. तेव्हापासून कोणतेही यंत्र झाकण लावून सलग तीन दिवस चालवल्याशिवाय मी हातावेगळे करत नाही.

वीज वाढण्याचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. २२० व्होल्टसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला रात्री उशिरा २४५ मिळाले, तर ६.३ व्होल्टच्या हीटरवर ७ व्होल्ट येतात. हीटरसाठी दहा टक्क्यांची वधघट सोसण्याची मर्यादा धरली, तर ती इथे ओलांडली जाते. परदेशात नावाजलेले यंत्र इथे लवकर दमले, तर त्याचे कारण बनवणाऱ्याच्या हातात नसून भिंतीतल्या सॉकेटमध्येही असू शकते. सहा ईसीसी८३ असले, तर नुसत्या हीटरची उष्णता अकरा वॅटच्या वर जाते. सांगलीच्या मे महिन्यात, काचेच्या कपाटात बंद ठेवलेल्या पेटीत ती कुठे जाणार?

परीक्षकांचे कान

या विषयावर लिहिणाऱ्यांनीही आपली जबाबदारी पुरती उचललेली नाही. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ साली अमेरिकेत 'स्टिरिओफाइल' हे नियतकालिक सुरू केले. केवळ आकड्यांवर न थांबता यंत्र ऐकून त्याचे परीक्षण करायचे, ही त्यांची भूमिका. ती त्या काळी आवश्यक होती. मोजमाप सारखे असूनही दोन यंत्रे वेगळी ऐकू येतात, हा अनुभव खरा आहे आणि आपल्याकडच्या संगीत-समीक्षेला तो परका नाही. पण या वाटेने पुढे आलेल्या लेखनाने एक शब्दसंग्रह घडवला: ऊब, मखमल, खोली, श्वास. पुष्कळशा परीक्षणांत झाकण उघडलेच जात नाही. उघडले तर आतल्या चांदीच्या तारांचे कौतुक होते. चांदी तांब्यापेक्षा विजेची जेमतेम सहा टक्के चांगली वाहक आहे. अर्ध्या फुटाच्या तारेत त्याने काय फरक पडणार? शेजारचा कपॅसिटर किती तापतो, हे मात्र कुणी लिहीत नाही.

यात एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. टिकाऊपणा हा गुण महिनाभराच्या परीक्षणात ऐकू येत नाही. पहिल्या महिन्यात सरांची पेटी सुंदर वाजत होती. मीच तिची तारीफ केली होती. मात्र टिकाऊपणाच्या खुणा पहिल्या दिवशीही दिसतात, फक्त पाहणाऱ्याला कुठे पाहायचे ते ठाऊक हवे. कपॅसिटरवर छापलेला दाब आणि यंत्र सुरू होतानाचा दाब यांत किती अंतर आहे? गरम घटक आणि द्रव असलेले घटक एकमेकांपासून दूर आहेत का? तारांना रंग आहेत का? सुरुवातीचा धक्का पुढच्या अँप्लिफायरपर्यंत जाऊ नये म्हणून अर्धा-पाऊण मिनिट आवाज अडवणारा रिले आहे का? नकाशा मिळतो का? एखादा घटक बदलायचा तर दुसरे चार उखडावे लागतात का? या प्रश्नांना शास्त्राची पदवी लागत नाही. साहित्याच्या समीक्षकाने पुस्तकाची बांधणी पाहावी तसेच हे आहे. फरक एवढाच, की इथे बांधणी सुटली तर मजकूरही जातो.

जवारी

सरांनी त्या दिवशी मला एक गोष्ट सुनावली. मी बनवणाऱ्यावर चिडलो होतो. सर म्हणाले, "आमच्या गल्लीतला तंबोराही बिघडतोच की. घोडीवरची जवारी झिजते. वाजवणारा तो घेऊन परत येतो आणि ती पुन्हा काढून दिली जाते. आजोबाने बनवलेल्या तंबोऱ्याची जवारी नातू काढतो. बिघडण्याबद्दल माझी तक्रार नाही हो. परत जायला दार नाही, याबद्दल आहे."

त्यांच्या बनवणाऱ्याने दोनदा पेटी कुरिअरने मागवून घेतली होती, तीन महिने ठेवली होती, आणि मग फोन उचलणे थांबवले होते.

मिरजेचा तंबोरा ही जोखमीच्या कारागिरीची पराकाष्ठा. दोन भोपळे सारखे नसतात, दोन जवाऱ्या सारख्या नसतात. तरीही तो पिढ्यान् पिढ्या चालतो, कारण त्याच्या भोवती दुरुस्तीची जिवंत परंपरा आहे आणि त्याची रचना त्या परंपरेला उघडी आहे. तिथे 'हातबनावट' हा शब्द एका हाताबद्दल बोलत नाही. हातांच्या साखळीबद्दल बोलतो. व्हॉल्व्हच्या यंत्रांभोवतीही अशी साखळी आपल्याकडे होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि प्रत्येक तालुक्याच्या गावातल्या एखाद्या रेडिओच्या दुकानात ती होती. दुकाने आहेत, पण व्हॉल्व्ह समजणारे हात थकले किंवा गेले. अशा वेळी नकाशा लपवून, आकडे पुसून विकलेले यंत्र म्हणजे पुढचा हात आधीच तोडून ठेवणे. ते कितीही देखणे असले तरी मी त्याला कारागिरी म्हणणार नाही.

सरांची पेटी मी दोन आठवड्यांत नव्याने जोडली. ४५० व्होल्टचे कपॅसिटर, पाच वॅटचा रेझिस्टर चॅसीच्या बाहेरच्या कडेला, रंगीत तारा, उशिराने जोडणारा रिले. खर्च पेटीच्या किमतीच्या मानाने नगण्य. नकाशा स्वच्छ हाताने काढून, प्रत्येक बिंदूवरचा दाब लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. शेजारी सोल्डरचे लहानसे वेटोळे बांधून ठेवले. सर हसून म्हणाले, "हे कशाला? तुम्ही आहातच की." मी म्हटले, "सर, मी नसेन तेव्हासाठी."

त्यांच्या आधी मी जाईन असे तेव्हा वाटले होते का, कोण जाणे. सर २०१८ साली गेले. पेटी आणि तबकड्या त्यांच्या मुलीकडे कोल्हापूरला आहेत. गेल्या पावसाळ्यात ताईंचा फोन आला. एका बाजूचा आवाज बंद झाला होता. मी यायला निघतो म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "नको काका, झालं सुद्धा. इथला एक मुलगा येऊन गेला. झाकणातला कागद बघून त्याने केलं." एक व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये ढिला झाला होता आणि एक टाका सुटला होता.

सुटलेला टाका माझा होता.